ठमीचं वावडं आणि शंभर वर्षांचं पथ्य

ज्यांनी हा भाग इअरफोन लावून ऐकला, त्यांना मधूनमधून एक तक्रारीचा सूर ऐकू आला असेल. ती आमची ठमी. रेकॉर्डिंगच्या वेळी तिला खोलीबाहेर ठेवलं की दाराशी बसून ओरडते, आत घेतलं की माइकच्या वायरीला झोंबते. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं पडतं त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलले तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त "अं... म्हणजे" तेवढं गाळलंय.

विषय नेहमीप्रमाणे इतिहासाचाच, पण आज किल्लेही नाहीत आणि लढायाही नाहीत. आज एका खाजेचा इतिहास.

ठमी साडेचार वर्षांची. आमचं घर ठाण्यात, पण मूळ मालवणचं, त्यामुळे ठमीचं बारसं मांदेलीवर झालं असं म्हटलं तरी चालेल. रोज सकाळी दाराशी येणाऱ्या कोळीण मावशी माझ्या आईशी भावावरून भांडतात, आणि भांडण मिटलं की एक बांगड्याचं डोकं ठमीला "वर्ताळा" म्हणून देतात. अशी साडेचार वर्षं मजेत गेली. मग गेल्या पावसाळ्यात ती डोळा आणि कान यांच्यामधली जागा खाजवायला लागली. पंधरा दिवसांत तिथले केस गेले, मानेवर लालभडक ओली जखम झाली. रात्री दोन वाजता तिच्या मागच्या पायाची नखं मानेवर चालण्याचा तो खर्रखर्र आवाज मी अजून विसरलेले नाही.

आधी पिसवा. मांजर खाजवतंय म्हटलं की पहिला संशय पिसवांवर, आणि तो योग्यच आहे. तीन महिने मानेवर औषधाचे थेंब टाकले, गाद्या, पडदे, सोफ्याची कव्हरं सगळं गरम पाण्यातून काढलं. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, किडे नाहीत. बुरशी तपासली, नाही. मग स्टेरॉइडचं इंजेक्शन. दुसऱ्या दिवशी खाज गायब! आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. सहा आठवड्यांनी पुन्हा तेच. दुसरं इंजेक्शन, पुन्हा तेच. तिसऱ्याच्या वेळी डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि त्यांचा चेहरा बदलला. साखर वर सरकली होती. मांजरांना स्टेरॉइड वारंवार दिलं तर मधुमेह होऊ शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. डॉक्टर बाई म्हणाल्या, "आता इंजेक्शन बंद. हिचं खाणं तपासू या. मासे बंद, चिकन बंद."

आई घरी येऊन एकच वाक्य म्हणाली, "साडेचार वर्षं बांगडा खातेय, तेव्हा काही झालं नाही, मग आता कसं होईल?"

प्रश्न इतका सरळ होता की मला उत्तर देता येईना. आणि मला उत्तर देता आलं नाही की मी इतिहासात शिरते, हे तुम्हाला एव्हाना माहीत आहे.

आईच्या प्रश्नाचं उत्तर १९०१ साली एका जहाजावरून निघतं. मोनॅकोचा राजा पहिला आल्बर्ट याला समुद्रविज्ञानाचा नाद होता. त्याच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पोल पोर्तिये हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ जेलीफिशसारख्या एका समुद्री प्राण्याच्या विषाचा अभ्यास करायला गेले. परत आल्यावर त्यांनी पॅरिसमध्ये समुद्रफुलाचं विष घेऊन कुत्र्यांवर प्रयोग चालू ठेवले. कल्पना अशी होती की थोडं थोडं विष टोचलं तर कुत्र्याला त्याची सवय होईल, देवीच्या लसीसारखं संरक्षण मिळेल. नेपच्यून नावाचा एक धडधाकट कुत्रा होता. पहिला डोस त्यानं पचवला. काही आठवड्यांनी त्याला पुन्हा थोडंसंच विष टोचलं, आणि तो अर्ध्या तासाच्या आत मेला. पहिल्या भेटीनं त्याचं संरक्षण वाढलं नव्हतं, उलट शरीर दुसऱ्या भेटीसाठी टपून बसलं होतं. रिशेनं याला नाव दिलं ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे संरक्षणाच्या उलट. १९१३ साली त्याला नोबेल मिळालं. नेपच्यूनला काय मिळालं ते विचारू नका.

ठमीला जे झालं ते इतकं झटपट आणि जीवघेणं नव्हतं, तो वेगळा प्रकार. पण मूळ मुद्दा तोच. वावडं अनोळखी पदार्थाचं होत नाही. शरीरानं तो पदार्थ आधी ओळखलेला असावा लागतो, आणि ती ओळख कधी बिघडेल याला काळवेळ नाही. म्हणजे "इतकी वर्षं खातेय" हा बांगड्याच्या निर्दोषपणाचा पुरावा नव्हताच. उलट संशयितांच्या यादीत त्यामुळेच तो सगळ्यात वर होता.

१९०६ साली व्हिएन्नाचा बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फोन पिर्के यानं या बदललेल्या वागणुकीला 'ॲलर्जी' हा शब्द घडवला. ग्रीकमधले दोन तुकडे जोडून, अर्थ साधारण 'वेगळीच क्रिया'. आपल्याकडे 'वावडं' हा शब्द होताच. अमक्याला वांग्याचं वावडं, तमक्याला दह्याचं. माझ्या आजीला कुणी पिर्के सांगितला नव्हता, तरी अंगावर पित्त उठलं की ती आधी विचारायची, "काल काय खाल्लंस?" (पित्त उठणं आणि पिसवा यांच्यामधली तिची गल्लत सोडून द्या.)

आता मला सगळ्यात आवडलेला किस्सा, कारण यात मासा आहे. १९२१. जर्मनीतलं ब्रेस्लाऊ शहर, आज ते पोलंडमध्ये आहे. हाइन्झ क्युस्टनर नावाच्या डॉक्टरला शिजवलेला मासा अजिबात सोसायचा नाही. त्याचा सहकारी कार्ल प्राउसनिट्झ याला मासा खुशाल चालायचा. त्यांनी काय करावं? क्युस्टनरच्या रक्तातला पातळ भाग प्राउसनिट्झनं स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तिथे टरारून गांध उठली! म्हणजे क्युस्टनरचं वावडं रक्तातून दुसऱ्याच्या अंगावर उसनं देता आलं होतं. रक्तात काहीतरी आहे हे सिद्ध झालं. ते 'काहीतरी' नेमकं काय, हे सापडायला १९६० चं दशक उजाडावं लागलं. अमेरिकेत इशिझाका पतिपत्नी आणि स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिक, अशा दोन ठिकाणी ते हाती लागलं आणि त्याला 'आयजीई' असं नाव पडलं.

ही कथा ऐकली की वाटतं, झालं की मग! रक्त घ्या, तपासा, कशाचं वावडं ते कागदावर येईल. मलाही तसंच वाटलं. मी तर पुढे जाऊन ऑनलाइन एक किट मागवलं. मांजराचे चार केस पाकिटात घालून पाठवायचे, आठवड्यात त्रेपन्न पदार्थांची रंगीत यादी येते. आली. त्यात ठमीला गाजर, ओट्स आणि बदकाचं वावडं होतं. बदक! ठमीनं आयुष्यात बदक पाहिलेलं नाही. मासा मात्र हिरव्या रंगात, म्हणजे खुशाल चारा. मी तो कागद डॉक्टरांना दाखवला. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. फक्त म्हणाल्या की कुत्र्यामांजरांत खाण्याचं वावडं शोधायला केसांची आणि लाळेची चाचणी विश्वासाची नाही, आणि रक्ताचीही नाही. संशोधकांनी या चाचण्यांचे निकाल एकत्र मांडून पाहिलेत आणि उत्तर नकारार्थीच आलंय.

मग भरवशाचं काय आहे? इथे गोष्ट कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात जाते. १९२० च्या दशकात तिथे अल्बर्ट रो नावाचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे असे रोगी यायचे ज्यांची कातडीवरची चाचणी अगदी स्वच्छ, पण विशिष्ट काही खाल्लं की त्रास ठरलेला. रो यांनी चाचणीपेक्षा रोग्यावर विश्वास ठेवला. मोजकेच, सहसा न बाधणारे पदार्थ निवडून त्यांची एक छोटी यादी केली, बाकी सगळं बंद. त्रास थांबला की एकेक पदार्थ परत द्यायचा आणि बघायचं. याला त्यांनी 'एलिमिनेशन डाएट' म्हटलं, वगळण्याचा आहार. १९३१ साली 'फूड ॲलर्जी' हे त्यांचं पुस्तक आलं. त्यांच्या याद्यांत मेंढीचं मटण आणि भात यांची जोडी होती. ही जोडी लक्षात ठेवा, ती पुढे परत येणार आहे.

माणसांसाठी ही रीत १९३१ पर्यंत पुस्तकात आली. मांजरांपर्यंत ती नीट पोचायला आणखी साडेतीन दशकं लागली. का? पहिलं म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकीत मांजराचा नंबर फार उशिरा लागला. घोडे, बैल, गायी आधी. आपलं परळचं व्हेटरिनरी कॉलेज १८८६ चं, पण तेव्हाच्या मुंबईत घोडा आजारी पडला तर ट्राम थांबायची, मांजर आजारी पडलं तर काहीच थांबायचं नाही. दुसरं कारण मला जास्त पटतं, पण ते माझं मत म्हणून घ्या. १९५० च्या सुमारास कॉर्टिझोन आलं, म्हणजे स्टेरॉइडच. त्याच साली त्याला नोबेलही मिळालं. एका सुईत खाज थांबत असेल तर दोन महिने वाटीत काय पडतं याचा हिशेब कोण ठेवणार? मी स्वतः नाही ठेवला. ठमीच्या दोन इंजेक्शनांमध्ये मी एकदाही विचारलं नव्हतं की खाज मुळात कशामुळे आहे.

१९६७ साली 'व्हेटरिनरी रेकॉर्ड' या ब्रिटिश नियतकालिकात जी. एस. वॉल्टन यांचा एक लेख आला. खाण्यामुळे कातडीवर होणाऱ्या त्रासाची कुत्री आणि मांजरं मिळून शंभर प्रकरणं. शीर्षकातच 'पक्की' झालेली शंभर प्रकरणं असा शब्द आहे, आणि माझ्या मते अख्ख्या इतिहासातला हा सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे. पक्कं कसं करायचं? खाणं बदललं आणि खाज गेली, एवढ्यानं नाही. खाज इतर शंभर कारणांनी जाते. पावसाळा संपतो, पिसवा कमी होतात, जखम आपोआप भरते. पक्कं करायला तोच जुना पदार्थ परत द्यावा लागतो, आणि खाज परत यावी लागते. पुढे १९८९ साली अमेरिकेत खास मांजरांचीच १४ प्रकरणं छापून आली. आकडा केवढासा, पण मांजरांच्या बाबतीत असेच चिमूटभर आकडे गोळा करत शास्त्र पुढे आलंय.

आता त्या वाटीकडे वळू. कारण वावडं ओळखणं इतकं अवघड का झालं, याचं अर्धं उत्तर मांजराच्या वाटीच्या इतिहासात आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये गल्लोगल्ली 'मांजरांचं मटण' विकणारे फेरीवाले असत. हेन्री मेह्यूनं १८५१ च्या सुमारास लंडनच्या गरिबांवर जे मोठं लिखाण केलं त्यात त्यांचं वर्णन आहे. म्हाताऱ्या घोड्यांचं उकडलेलं मांस घेऊन हे दारोदार हिंडत. त्या मांजराला खाज सुटली असती तर संशयित किती? घोडा, दूध आणि बिळातला उंदीर. संपलं. मग डबाबंद खाणं आलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत डब्यांच्या पत्र्याचा तुटवडा पडला आणि कोरड्या खाण्याला जोर आला. आज आपण जे खडखडीत दाणे पिशवीतून ओततो त्या एका पिशवीच्या मागे वाचा. चिकन, मासळीची पूड, गहू, मका, सोया, दुधाची पावडर. पुढे मोठ्या अक्षरात 'टूना', पण आत अख्खं किराणा दुकान. सोयीचं आहे, पोषणाच्या दृष्टीनं बहुतेकदा चांगलंही आहे, पण वावडं झालं की नाव कुणाचं घेणार?

इथे ती मटण-भाताची जोडी परत येते. अमेरिकेतल्या बहुतेक कुत्र्यामांजरांनी मेंढी कधी खाल्लेली नसे, म्हणून डॉक्टर वावडं शोधायला मेंढी आणि भात देत. उपयोग मेंढीच्या गुणाचा नव्हता, नवखेपणाचा होता. १९८० च्या दशकात पाकीटवाल्यांना याचा सुगावा लागला. 'मेंढी आणि भात, नाजूक कातडीसाठी' अशी पाकिटं दुकानात आली, लोकांनी ती आवडीनं घेतली, आणि थोड्याच वर्षांत लाखो जनावरं रोज मेंढी खायला लागली. नवखेपणा संपला! डॉक्टरांच्या हातचं हत्यार गेलं. मग हरीण आलं, बदक आलं, ससा आला, ऑस्ट्रेलियातून कांगारूसुद्धा आला. प्रत्येक वेळी तीच गंमत, डॉक्टरांनी नवीन प्राणी शोधायचा आणि बाजारानं त्याला जुना करून टाकायचा. वर भेसळीचा घोळ. २०११ साली कुत्र्यांसाठीच्या हरणाच्या मांसाच्या चार पाकिटांची तपासणी छापून आली. यादीत सोया नव्हता, तरी चारपैकी तीन पाकिटांत सोया निघाला.

यातून सुटायला दुसरी वाट निघाली, तीही माणसांकडूनच. गाईचं दूध न सोसणाऱ्या बाळांसाठी १९४० च्या दशकात असं दूध बनवलं गेलं ज्यातली प्रथिनं आधीच तोडून बारीक केलेली होती. शरीराचे पहारेकरी प्रथिनाला त्याच्या आकारावरून ओळखतात. तुकडे पुरेसे बारीक केले की ओळख पटत नाही. हीच युक्ती नंतर कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरी खाण्यात आली. एका प्रकारात तर कोंबडीच्या पिसांची प्रथिनं अशी तोडून वापरतात. वाचायला कसंतरी वाटतं खरं.

आमच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा हेच तोडलेल्या प्रथिनांचं खाणं लिहून दिलं. पिशवीची किंमत बघून आई म्हणाली, "यात पापलेट आलं असतं." ठमीनं वाटी हुंगली, पंजानं जमीन खरवडली, म्हणजे घाण पुरायची ना, तशी, आणि निघून गेली. प्रथिनं तोडली की चव कडसर होते, बऱ्याच मांजरांना ती रुचत नाही. मी ठरवलं, भूक लागली की खाईल. कुत्र्याच्या बाबतीत कदाचित चाललं असतं. मांजराच्या बाबतीत हा हट्ट धोक्याचा आहे, हे मी इथे मुद्दाम सांगतेय. मांजर काही दिवस उपाशी राहिलं, त्यातून अंगानं जाड असलं, तर अंगातली चरबी यकृतात साचते आणि ते जिवावर बेततं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला, तर डॉक्टरांनी मला चांगलंच सुनावलं. "ती हरणार नाही. तुम्ही हरा."

मग ठरलं बोकडाचं मटण. आमच्या घरी मटण सणावारी, आणि मसाल्याचं असल्यामुळे ठमीला कधी दिलेलं नव्हतं. तिच्यासाठी ते हरणाइतकंच नवखं. पण नुसतं उकडलेलं मटण मांजराला पुरत नाही, आणि हा धडा इतिहासानं फार महागात शिकवलाय. मांजराला टॉरिन नावाचं एक द्रव्य आहारातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं तर आधी डोळ्यांचा पडदा खराब होतो, हे १९७० च्या दशकात कळलं होतं. पण १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तेव्हा हृदय फुगून मरणाऱ्या कितीतरी मांजरांना मुळात टॉरिनच कमी पडत होतं. आणि ती मांजरं पाकिटातलं, तयार, 'संपूर्ण' म्हणवणारं खाणं खात होती! टॉरिन दिल्यावर बऱ्याच मांजरांची हृदयं सुधारली, मग खाण्यातलं त्याचं प्रमाण वाढवलं गेलं. कारखान्यांचं जिथे चुकलं तिथे माझ्या कुकरचं काय? म्हणून आमच्या मटणात डॉक्टरांनी मोजून दिलेली पूड पडायची. टॉरिन, कॅल्शियम, जीवनसत्त्वं. भात-दूध-पोळी खाऊन गल्लीतलं मांजर जगतं, मग काय होतंय, असं म्हणणारे काका आमच्या सोसायटीतही आहेत. गल्लीतलं मांजर उंदीर, पाली, झुरळंही खातं आणि लवकर मरतंही, हे ते मोजत नाहीत.

किती दिवस? पूर्वी तीन आठवडे पुरे मानत. २०१५ साली जुनी सगळी प्रकरणं एकत्र करून पाहिली तेव्हा दिसलं की सहा आठवड्यांत ऐंशी टक्क्यांहून जास्त मांजरं सुधारतात, आणि नव्वद टक्क्यांच्या पुढे जायचं तर आठ आठवडे हवेत. म्हणजे तीन आठवड्यांनी "काही फरक नाही" म्हणून सोडून दिलेल्या कितीतरी मांजरांना खरं तर वावडंच असेल.

आठ आठवडे. आधी वाटलं, त्यात काय? मग कळलं की पथ्य ठमीचं नसून सगळ्या घराचं आहे. कॅलेंडरवर रोज फुली मारायची. बाबांच्या ताटातला तुकडा नाही. मांसाच्या चवीच्या गोळ्या नाहीत. बाल्कनीचं दार बंद. सगळं छान चाललं होतं, आणि एकविसाव्या दिवशी ठमीनं पुन्हा मान ओरबाडली. मी रडकुंडीला आले. आई गप्प. दुपारी म्हणाली, "मीच दिलं गं. एवढंसं. काट्याला लागलेलं. दाराशी बसून कशी बघत होती..."

मी चिडले, खूप बोलले. आईला जे वाटलं ते मला कळत नव्हतं असं नाही. आमच्याकडे माया ही ताटातूनच दाखवतात. आणि पथ्य म्हणजे एका अर्थी माया आवरून धरणं. आजीला मधुमेह झाला तेव्हाही आईच चोरून लाडू द्यायची. दुसऱ्या दिवशी कोळीण मावशी आल्या तेव्हा आईनंच त्यांना दारात थांबवून सांगितलं, "हिला आता काही द्यायचं नाही, डॉक्टरनी बंद केलंय." मावशींनी ठमीकडे पाहिलं, जणू कुणाचं दुखवट्याचं कळलं. आम्ही फुल्या परत पहिल्यापासून मारायला लागलो.

या खेपेला पाचव्या आठवड्यात खपली सुटली. सातव्यात कानापुढे मऊ लव आली. आठव्यात मला रात्री जाग आली, कारण आवाज नव्हता.

आणि आता डॉक्टर म्हणाल्या, "बांगडा द्या."

सांगते, हे सगळ्यात अवघड होतं. बरं झालेलं मांजर, भरलेली जखम, आणि आपल्या हातानं तिला तेच खायला घालायचं? बहुतेक लोक इथेच थांबतात. मीही थांबणार होते. पण मला वॉल्टनचा तो 'पक्की' शब्द आठवत होता. समजा मासा नसेलच, चिकन असेल, तर मी तिला जन्मभर उगाच मासा तोडणार. समजा पावसाळा संपला म्हणूनच ती बरी झाली असेल, तर जन्मभर मटणाची पूड मोजत बसणार. जगभरच्या नोंदींत मांजरांना बाधणाऱ्या पदार्थांत सगळ्यात वर गोमांस, १८ टक्के, आणि लगोलग मासा, १७ टक्के. चिकन ५ टक्के. या नोंदी अवघ्या ७८ मांजरांच्या, आणि बहुतेक पाश्चात्य देशांतल्या. ती यादी म्हणजे तिकडची मांजरं काय खातात याचीच यादी आहे. ठमीचं उत्तर त्यात नव्हतं, ते ठमीच्याच मानेवर होतं.

आईनं बांगडा उकडला. मीठ नाही, हळद नाही. ठमी ओट्यापाशी अशी नाचली की दोन महिने तिला कुणी जेवायलाच घातलं नव्हतं. पहिला दिवस काही नाही. दुसरा नाही. आईच्या डोळ्यांत आशा दिसायला लागली. चौथ्या रात्री खर्रखर्र.

मासा बंद. दहा दिवसांत ती पुन्हा शांत झाली. मग चिकन देऊन पाहिलं, दोन आठवडे, रोज. काही झालं नाही. गंमत बघा, चिकन निर्दोष सुटलं. आता ती चिकनवर आहे, मोजलेल्या पुडीसकट, आणि बाजारचं एक पाकीटही चालतं, ज्यात मासा नाही. असं पाकीट शोधायला मात्र भिंग घेऊन पाच दुकानं हिंडावी लागली, कारण मांजराचं खाणं म्हणजे मासा हे सगळ्यांनी गृहीतच धरलंय. साखर परत तपासली, खाली आली आहे. इंजेक्शन तेव्हापासून नाही.

तुमच्याकडे खाजवणारं मांजर असेल तर हा भाग ऐकून उद्यापासून मासा बंद करू नका. आधी पिसवा, किडे, बुरशी तपासून घ्या. कातडीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या मांजरांत खाण्याचं वावडं निघतं ते शंभरात जेमतेम तीन ते सहांना. नुसती खाज असलेली मांजरं घेतली तर बारा ते एकवीस. आणि पथ्य करायचं तर डॉक्टरांना विचारूनच.

कोळीण मावशी अजून येतात. परवा भाव ठरल्यावर त्यांनी सवयीनं टोपलीत हात घातला, मग थांबल्या, आणि कमरेच्या पिशवीतून कागदात बांधलेला उकडलेल्या चिकनचा तुकडा काढला. "घरनं आणलाय," म्हणाल्या. "मीठ नाय घातलंय."

ठमीनं आधी टोपली हुंगली, मग तो तुकडा खाल्ला.

पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या.